मैदानावरचे १२० तास: क्रीडाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाच्या हाताखाली आंतरवासिता कशी करावी

मी कोल्हापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचे खो-खो, कबड्डीचे संघ सांभाळते. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करणारे छात्राध्यापक आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतात. आता बी.ए., बी.एस्सी.ला क्रीडा विषय घेतलेली मुलंही ‘ओजेटी’साठी, म्हणजे कार्यप्रशिक्षणाच्या आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी), येऊ लागली आहेत. दिवाळीनंतर महाविद्यालयाचं पत्र घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: “मॅडम, तास किती भरायचे?” त्याचं उत्तर मी देते आणि लगेच विचारते, “तुला शिकवताना कोण बघणार आहे?” या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. सगळी आंतरवासिता मात्र त्याच उत्तरावर उभी असते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी तासांचा हिशोब

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेल्या पदवीत तिसऱ्या वर्षी ४ क्रेडिटचं कार्यप्रशिक्षण असतं. पदव्युत्तरला ते पहिल्याच वर्षी येतं. १ क्रेडिट म्हणजे प्रत्यक्ष कामाचे ३० तास, त्यामुळे ४ क्रेडिटचे १२० तास होतात. बी.पी.एड.ची रचना वेगळी आहे. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनंतर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात सराव पाठ मोजले जातात, काही सहाध्यायांवर घेतलेले आणि काही शाळेतल्या मुलांवर. तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेतलं ते पान छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. सिनियर काय सांगतात त्यावर विसंबू नका, कारण त्यांच्या वेळचा आराखडा वेगळा असू शकतो.

१२० तास ऐकायला सोपे वाटतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला ८ तास होतात. पण शाळेचा एक तास म्हणजे साधारण ३५ मिनिटं. दिवसात तीन तासिका मिळाल्या तरी पावणेदोन तासच होतात आणि रोज तीन तासिका कुठलीच शाळा देत नाही. म्हणून सकाळचा संघाचा सरावही आंतरवासितेत धरायचा. तो धरला जाईल का, हे महाविद्यालयाकडून आधी लेखी घ्या. जानेवारीत सुरू करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, शाळा परीक्षा केंद्र असेल तर त्या दिवसांत मैदानावर शिट्टी वाजवता येत नाही, आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा लागतात. जे काम मुलांशिवाय होत नाही ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकलेलं बरं. ज्यांना पहिल्या सत्रात जाता येतं त्यांचं नशीब चांगलं. तेव्हा तालुका आणि जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धा चालू असतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील संघांच्या प्रवेशिका, जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रं, पंचांची सोय, जेवणाचे डबे हे सगळं डोळ्यांनी बघायला मिळतं.

दोन मार्गदर्शक, दोघांची कामं वेगळी

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन माणसं अपेक्षित आहेत: एक तुमच्या महाविद्यालयातला मार्गदर्शक प्राध्यापक आणि एक तुम्ही जिथे काम करता तिथला पर्यवेक्षक. प्राध्यापक कामाचं उद्दिष्ट ठरवून देतो, अहवाल तपासतो, गुण देतो. पर्यवेक्षक तुम्हाला रोज बघतो. पहिला महाविद्यालय ठरवून देतं. दुसरा बहुतेक वेळा तुम्हालाच शोधावा लागतो आणि तिथेच मुलं घाई करतात. घराजवळची शाळा, ओळखीचं जिम, मामाच्या मित्राची अकादमी, असं काहीतरी पटकन धरतात.

माणूस बघून ठिकाण ठरवा. एखाद्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक असेल, पण तिथले प्रशिक्षक चार बॅचेसमध्ये इतके गुंतलेले असतील की तुमच्याकडे आठवड्यातून एकदाही लक्ष जाणार नाही, तर तो ट्रॅक तुमच्या काय कामाचा? उलट एखाद्या खेड्यातल्या शाळेत मैदानाला उतार असेल, बॉल दोनच असतील, पण तिथले सर पाठ संपल्यावर तुम्हाला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलत असतील, तर तिथे जा. होकार देण्याआधी त्यांचा एक सराव लांबून बघून या. मग भेटून सरळ तीन गोष्टी विचारा. सध्या तुमच्याकडे आणखी किती प्रशिक्षणार्थी आहेत? आठवड्यातून एकदा माझा पूर्ण पाठ बघायला वेळ देता येईल का? पाठानंतर बसून बोलता येईल का? विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण एकाही पर्यवेक्षकाला या प्रश्नांचा राग आलेला मी पाहिलेला नाही. आम्हाला उलट बरं वाटतं की पोरगी शिकायला आली आहे.

नात्यातला माणूस टाळा. ज्याच्या संघातून तुम्ही अजून खेळता तो प्रशिक्षकही टाळा, कारण तो तुम्हाला खेळाडू म्हणूनच बघत राहतो. तुमच्या हालचालीतल्या चुका तो लगेच दाखवेल, पण शिकवण्यातल्या चुकांकडे त्याचं लक्ष जाणार नाही. पर्यवेक्षकाची पात्रता काय हवी, बी.पी.एड., एम.पी.एड., एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) प्रशिक्षक पदविका की खेळाच्या संघटनेचा परवाना, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. त्याच्या प्रमाणपत्राची प्रत सुरुवातीलाच मागून घ्या, शेवटी धावपळ होते.

तालमीत जाणार असाल तर

कोल्हापुरात हा प्रश्न दरवर्षी येतो. कुस्ती करणारी मुलं विचारतात, तालमीत वस्तादांच्या हाताखाली आंतरवासिता चालेल का? शिकण्याच्या दृष्टीनं त्याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पहाटे जोर-बैठका सुरू झाल्यापासून मुलं कुस्तीच्या मातीच्या हौदातून बाहेर येईपर्यंत वस्तादांची नजर हलत नाही. कोणाचा खांदा दुखतोय, कोण खुराक नीट घेत नाही, कोण घरच्या काळजीत आहे, हे त्यांना न सांगता कळतं. अडचण कागदाची येते. वस्ताद तोंडी सांगतात, लिहीत नाहीत. तेव्हा लिहिण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. रोज रात्री नोंद करा, आठवड्यातून एकदा वस्तादांपुढे बसून ती नोंद मोठ्यानं वाचून दाखवा, ते दुरुस्त करतील ते तिथल्या तिथे लिहा आणि मग सही घ्या. वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. ऐकता ऐकता वस्ताद ज्या चार गोष्टी जोडतात त्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत. पदवीची अट विद्यापीठ सोडत नसेल तर शाळेतला किंवा संकुलातला पात्र प्रशिक्षक पर्यवेक्षक म्हणून घ्या आणि तालीम हे कामाचं दुसरं ठिकाण म्हणून प्राध्यापकांकडून मंजूर करून घ्या.

मातीबरोबर मॅटवरचं कामही बघा, एवढाच आग्रह आहे. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांच्या सवयीचे नव्हते. तरीही ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. आज शालेय स्पर्धेपासूनच मुलगा मॅटवर उतरतो. प्रशिक्षकाला दोन्ही यायला हवं.

कागदपत्रं

हे थोडक्यात सांगते. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर विनंतीपत्र हवं आणि त्यावर जावक क्रमांक व तारीख हवी. त्यात तुमचं नाव, वर्ग, किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि महाविद्यालयाच्या मार्गदर्शकाचा फोन नंबर असावा. पत्राच्या दोन प्रती न्या. एक शाळेत द्या आणि दुसरीवर शाळेचा आवक शिक्का मारून घ्या. शाळेचं संमतीपत्र हातात पडल्याशिवाय पहिला तास मोजू नका, आधीचे तास महाविद्यालय धरत नाही. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, आधारची प्रत, दोन फोटो आणि महाविद्यालयाचा अपघात विमा असल्यास त्याची प्रत बरोबर ठेवा. हल्ली बऱ्याच शाळा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तो मिळायला दिवस लागतात, म्हणून अर्ज महिनाभर आधी करा. हा दाखला मागितला म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मुलांमध्ये जाणार आहात, शाळेनं तो मागायलाच हवा.

पहिला आठवडा शिट्टी गळ्यात घालू नका

पहिले पाच-सहा दिवस फक्त बघा. नुसतं उभं राहून बघितलं तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, म्हणून मी मुलांना काम देते. वर्गातला एक विद्यार्थी निवडायचा, शक्यतो मागच्या रांगेतला, आणि पूर्ण तासिकेत फक्त त्याच्याकडे बघायचं. त्यानं बॉलला किती वेळा हात लावला? किती मिनिटं रांगेत उभा होता? शिक्षकांनी त्याचं नाव एकदा तरी घेतलं का? पन्नास मुलांच्या वर्गात एकच बॉल असेल तर आकडे बघून तुम्ही स्वतःच गप्प व्हाल. माझ्या तासाचे असे आकडे मुलांनी माझ्यापुढे ठेवले आहेत आणि त्यातून मी माझ्या तासाची मांडणी बदलली आहे.

दुसरं काम घड्याळाचं. वर्गातून मैदानावर यायला किती वेळ गेला, हजेरीला किती, सांगण्यात किती, साहित्य मांडण्यात किती, आणि प्रत्यक्ष हालचालीला किती उरला, याचा तक्ता करा. ३५ मिनिटांपैकी शेवटच्या रकान्यात १५ मिनिटं आली तरी तो तास बरा म्हणायचा.

तुमचा पाठ

टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, आदल्या दिवशी पर्यवेक्षकांना दाखवा, पाठाच्या दिवशी सकाळी नको. टाचणात उद्दिष्ट एकच लिहा आणि ते मोजता येईल असं लिहा. ‘विद्यार्थ्यांमध्ये खो-खोची आवड निर्माण करणे’ हे मी कापून टाकते. ‘प्रत्येक विद्यार्थी पाटीवरून उठताना योग्य दिशेला पहिलं पाऊल टाकेल’ हे चालतं, कारण तास संपल्यावर ते झालं की नाही हे बघता येतं. पूर्वतयारीचे व्यायाम मुख्य भागाशी जुळलेले हवेत. खो-खो शिकवायचा असेल तर उकिडवं बसून उठणं, दिशा बदलत धावणं हे आधी येऊ दे. हात गोल फिरवण्यात पाच मिनिटं घालवू नका.

मुलांना आठ-दहाच्या गटांत विभागा आणि प्रत्येक गटाला जागा द्या. साहित्य कमी असेल तर एका गटाला बॉल, दुसऱ्याला दोरी, तिसऱ्याला साहित्याशिवायचं काम द्या आणि फिरते गट करा. सांगताना उन्हाकडे तोंड तुमचं असू दे, मुलांच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये. शिट्टी थांबवण्यासाठीच वापरा. दर वाक्याला वाजली की मुलं ती ऐकेनाशी होतात. दुपारच्या पोषण आहारानंतरच्या तासिकेला मुलांना लांब पळवू नका. आणि ‘मैदानाला फेऱ्या मार’ ही शिक्षा कधीही देऊ नका. धावणं ही शिक्षा आहे असं ज्याच्या मनात एकदा बसलं, त्याला पुढे मैदानावर आणणं फार कठीण जातं.

शारीरिक क्षमता चाचण्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं एकदा तरी पूर्ण वर्गाच्या घ्याव्यात असा माझा नियम आहे. खेलो इंडियाची शाळांसाठीची चाचणी सोपी आहे. ९ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनावरून बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पार्शियल कर्ल-अप (पाठीवर झोपून अर्धवट उठणं) आणि पुश-अप, मुलींसाठी सुधारित पुश-अप. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. वजन घेताना एकेकाला आत बोलवा आणि आकडा मोठ्यानं वाचू नका. आठवीच्या मुलीचं वजन वर्गापुढे पुकारलं गेलं तर ती वर्षभर मैदानावर यायचं टाळते. दम्याचा त्रास, हृदयाची तक्रार किंवा नुकतंच झालेलं आजारपण याबद्दल वर्गशिक्षकांना आधी विचारा.

पाठ झाल्यावर बसायचं

आंतरवासितेतला सर्वांत मोलाचा भाग हा, आणि वहीत सर्वांत कोरा राहणाराही हाच. पाठ संपल्यावर त्याच दिवशी वीस मिनिटं बसा. आधी तुम्ही बोला: काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे अडलं. मग पर्यवेक्षक बोलतील. मागच्या वर्षी एका मुलीचा लंगडीचा पाठ छान रंगला होता, मुलं हसत होती, तीही खुशीत होती. मी विचारलं, “डावीकडच्या कोपऱ्यातल्या चौघी कितीदा खेळल्या गं?” ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, मी त्या बाजूला बघितलंच नाही.” पुढच्या पाठाला तिनं उभं राहायची जागा बदलली. सगळं मैदान दिसेल अशा कडेला आली. एवढंच झालं, पण ते तिला एकटीला कधी कळलं नसतं.

पर्यवेक्षक ‘छान, छान’ म्हणून सोडत असतील तर त्यांना नेमकं काम द्या: “सर, आज फक्त माझ्या सूचना किती लांब होतात तेवढं बघाल का?” असं विचारलं की माणूस बघतो. ऐकलेल्यातली एकच गोष्ट पुढच्या पाठासाठी निवडा आणि वहीत लिहा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच ओळीनं करा. महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी सत्रात निदान दोनदा येऊन पाठ बघावा यासाठी तारखा तुम्हीच मागा. फोनवरच्या चौकशीनं काही कळत नाही.

मुलांची सुरक्षितता

इथे मी कोणालाच सवलत देत नाही. पर्यवेक्षक किंवा शाळेचे शिक्षक मैदानावर नसताना तुम्ही एकट्यानं वर्ग घ्यायचा नाही, शाळेनं सांगितलं तरी नाही. हालचाल दुरुस्त करायला हात लावण्याआधी मुलाला विचारा, सर्वांसमोर करा, आणि जिथे करून दाखवून भागतं तिथे हात लावू नका. विद्यार्थ्यांना स्वतःचा नंबर देऊ नका, निरोप शाळेच्या ग्रुपवरून जाऊ द्या. त्यांचे फोटो अहवालात घालायचे असतील तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या. कोणत्या मुलानं कोणाबद्दल काही वाईट सांगितलं तर शांतपणे ऐका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. ते लैंगिक अत्याचाराबद्दल असेल, तर पॉक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) ती माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, प्रशिक्षणार्थीवरही. शाळेत चालढकल होत असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा नंबर आहे.

दुखापतीचं म्हणाल तर प्रथमोपचार पेटी कुठे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे असते हे पहिल्याच दिवशी विचारा. कबड्डीत डोक्याला डोकं आपटलं, मूल गांगरलं, मळमळलं, तर त्याचा खेळ त्या दिवसापुरता संपला. त्याला पुन्हा उतरवायचं नाही, पालकांना बोलवायचं, डॉक्टरांना दाखवायचं, गरज पडली तर १०८. आमच्या भागात एप्रिलमध्ये वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की मुलांना वर्गात न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर काढू नका.

वही आणि अहवाल

नोंद रोज करा. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय केलं, काय दिसलं, पर्यवेक्षकाची सही. आठवड्याच्या शेवटी एकदम लिहिलेली वही परीक्षकाला एका नजरेत ओळखू येते, कारण सगळ्या दिवसांची वाक्यं सारखी असतात. पावसानं सराव झाला नाही तर तसंच लिहा, तो तास धरू नका. न केलेल्या तासावर मी सही करत नाही, आणि कोणी करून देत असेल तर तुम्ही घेऊ नका.

अहवालात शाळेच्या इतिहासाची चार पानं कोणालाच नको असतात. एका मुलाची किंवा एका संघाची गोष्ट आकड्यांसकट लिहा: सुरुवातीला काय होतं, तुम्ही काय केलं, पर्यवेक्षकानं काय सुचवलं, त्यानंतर काय बदललं, काय बदललं नाही. मुलांची खरी नावं लिहू नका. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुतेक इथूनच प्रश्न विचारतात, आणि जे स्वतः केलं आहे ते सांगताना अडखळायला होत नाही.

पूर्णत्वाचं प्रमाणपत्र आणि पर्यवेक्षकाचा गुणतक्ता १ मे रोजी निकाल लागण्याआधी हातात घ्या. त्यानंतर सुट्टी लागते आणि मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक या तिन्ही गोष्टी एका दिवशी मिळणं कठीण होतं. मुलांच्या क्षमता चाचण्यांचे तक्ते तुमच्याबरोबर नेऊ नका. त्यांची स्वच्छ प्रत करून शाळेला द्या, म्हणजे जूनमध्ये त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेऊन आम्हाला ताडून बघता येईल.